काळाकुंड : होळकरांच्या आगगाडीचे गाव

माझी सख्खी आत्या लग्न होऊन इंदूरला गेली. त्यामुळे आमच्या घरात इंदूर हा शब्द लहानपणापासून माहेरवाशिणीच्या शब्दासारखा होता. १९८९ च्या मे महिन्यात, मी दहा वर्षांचा असताना, बाबांबरोबर पहिल्यांदा तिच्याकडे गेलो. मडगावहून निघताना छोटी गाडी, म्हणजे मीटरगेज. मिरजेला उतरून मोठी गाडी. आणि खांडव्याला उतरून पुन्हा छोटी गाडी! मला वाटले, फिरून गोव्यालाच चाललो की काय. डबे तसेच, लाकडी बाके तशीच. दुपारी गाडी डोंगरात शिरली आणि एका लहानशा स्थानकावर बराच वेळ थांबली. मागून आणखी एक इंजिन येऊन लागले. फलाटावर पळसाच्या पानात काहीतरी गोड विकायला आले होते. बाबांनी दोन पाने घेतली. गावाचे नाव पिवळ्या पाटीवर होते : कालाकुंड. आपण मराठी माणसे त्याला काळाकुंडच म्हणणार.

मागून इंजिन का लावतात, हे मला ठाऊक होते. आमच्याकडे कुळ्याला लावतात, कॅसलरॉकचा घाट चढायला. "म्हणजे इथेही दूधसागर आहे?" असे मी विचारले आणि बाबा हसले. पण तासाभराने खिडकीतून खरोखरच खोल दरी आणि पलीकडच्या कड्यावर धबधब्याची सुकलेली काळी रेघ दिसली. तो पातालपाणी. मेमध्ये त्याला पाणी नव्हते, एवढाच फरक.

त्या गोष्टीला आता पस्तीसहून अधिक वर्षे झाली. मध्यंतरी कित्येकदा इंदूरला गेलो, पण बडी लाइनने किंवा बसने. काळाकुंड राहूनच गेले. आत्या थकली आहे, म्हणून अलीकडे पावसाळ्यात चार दिवसांची रजा टाकून गेलो, तेव्हा आत्येभावाला म्हटले, मला त्या गावी ने. तो म्हणाला, "तिथे काय पाहून राहिलास? दहा घरे आहेत." इंदुरी मराठी ही अशी, ऐकायला गोड आणि बोलायला सैल! पण नेले त्याने.

काळाकुंडला का जायचे हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. वाचकांनी कंटाळू नये, मी कारकून माणूस आहे, मला फाइल पहिल्या पानापासून वाचायची सवय.

होळकर हे मूळचे नीरेकाठच्या होळ गावचे. मल्हाररावांनी माळव्यात जम बसवला, अहिल्याबाईंनी महेश्वरहून राज्य केले, आणि १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही राजधानी झाली. त्याच तहामुळे महूला इंग्रजांची छावणी बसली. राजधानीपासून जेमतेम सात कोसांवर परक्याची फौज, अशी ती व्यवस्था. १८५७ मध्ये वरसईचे विष्णुभटजी गोडसे चार पैसे मिळवायला उत्तरेकडे निघाले ते असेच सातपुडा, नर्मदा ओलांडून पायी आले आणि महूच्या आसपास बंडाची वार्ता त्यांच्या कानी पडली. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये ते सारे आहे. त्या काळी दख्खनहून माळव्यात यायचे म्हणजे असेच पायी किंवा गाडीबैलांनी यायचे.

माळव्यातून बाहेर जाणारा माल मात्र फार मोलाचा होता. कापूस आणि अफू. माळव्याची अफू कंपनी सरकारचा कर चुकवून उंटांवरून, बैलांवरून पश्चिमेकडे निघे आणि आपल्या पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून चीनला जाई. या व्यापारात रोजेरियो द फारिया हा मुंबईस्थित गोमंतकीय व्यापारी अग्रभागी होता. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, तेव्हा कराचीकडची चोरवाट बंद झाली आणि दमणचे महत्त्वही संपले. मग माळव्याच्या मालाला मुंबईखेरीज दार उरले नाही. गोव्याचा आणि इंदूरचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांसाठी एवढे पुरे.

मार्च १८७० मध्ये मुंबईची रेल्वे जबलपूरला कलकत्त्याच्या रेल्वेशी जोडली गेली. वाटेवर खांडवा होते. त्याच साली दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारपुढे प्रस्ताव ठेवला : खांडव्यापासून इंदूरपर्यंत रेल्वे बांधा, एक कोटी रुपये मी कर्जाऊ देतो. मुदत १०१ वर्षे, व्याज सालीना साडेचार टक्के. जमीन फुकट! एका संस्थानिकाने सार्वभौम सरकारला कर्ज द्यावे, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. १८५७ च्या जुलैमध्ये इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला तेव्हापासून तुकोजीरावांच्या निष्ठेवर इंग्रजांचा संशय होता. कोटभर रुपयांनी तो धुऊन निघेल, असा त्यांचा हिशेब असावा, असे माझे मत. इंग्रजांनाही महूची छावणी मुंबईशी जोडून हवीच होती. दोघांचेही साधले.

काम सोपे नव्हते. नर्मदेवर १४ गाळ्यांचा पूल बांधावा लागला, तो १८७६ मध्ये खुला झाला. त्याआधी १ डिसेंबर १८७४ ला खांडवा ते सनावद हा पहिला तुकडा सुरू झाला होता. खरी कसोटी होती चोरल नदीच्या खोऱ्यातून माळव्याच्या पठारावर चढायची. इथे चाळीस फुटांना एक फूट असा चढ आहे. चार बोगदे खणले, खोल दऱ्यांवर उंच खांबांचे पूल बांधले. एका पुलाचे खांब तर दीडशे फुटांहून उंच. १८७८ पर्यंत गाडी इंदूरला नियमित येऊ लागली. पुढे काही वर्षांतच 'होळकर स्टेट रेल्वे' हे नाव राजपुताना-माळवा रेल्वेत विरून गेले. पैसे होळकरांचे, नाव दुसऱ्याचे!

याच वेळी आपल्याकडे काय चालले होते पाहा. १८७८ मध्येच इंग्रज-पोर्तुगीज तह झाला आणि मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे बांधायचे ठरले. तीही मीटरगेज, तिलाही घाट, आणि चढ जवळजवळ तोच. १८८८ च्या जानेवारीत तिचे उद्घाटन झाले. लिस्बनच्या सरकारने कंपनीला व्याजाची हमी दिली होती आणि रेल्वे तोट्यात गेल्यावर ती हमी गोव्याच्या तिजोरीला भोवली. होळकर व्याज घेणारे, आपण व्याज भरणारे. घाट मात्र सारखेच, आणि ते फोडणाऱ्या मजुरांची नावे दोन्हीकडे कुठेच लिहिलेली नाहीत.

नाव राहिले ते एकाचे. पातालपाणीजवळ रुळांच्या कडेला टंट्या भिल्लाचे मंदिर आहे. निमाडातला हा बंडखोर सावकारांना आणि इंग्रजांना लुटून गरिबांत वाटत असे, म्हणून लोक त्याला मामा म्हणतात. ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला त्याला फाशी दिले. त्याचा देह इथे रुळांजवळ आणून टाकला, असे सांगतात. तेव्हापासून प्रत्येक गाडी इथे क्षणभर थांबते, भोंगा वाजवते आणि मग पुढे जाते. ब्रेक तपासायला थांबते, असेही म्हणणारे आहेत. दोन्ही खरे असायला काय हरकत आहे?

तर आम्ही पातालपाणीहून गाडीत बसलो. ही आता पर्यटकांची 'हेरिटेज' गाडी. २०१८ च्या डिसेंबरात ती सुरू झाली. मोठमोठ्या काचा, गुबगुबीत खुर्च्या. महू ते ओंकारेश्वर रोड ही नेहमीची मीटरगेज गाडी जानेवारी २०२३ च्या अखेरीस बंद झाली, कारण बडी लाइन घालायची आहे. नवा मार्ग हा तीव्र चढ टाळून वळसा घेणार. मधला पातालपाणी ते काळाकुंड हा दहाएक किलोमीटरचा तुकडा तेवढा स्मारक म्हणून ठेवला आहे. त्याला पुढे वाट नाही आणि मागेही नाही.

पातालपाणी या वेळी तुडुंब कोसळत होता. लहानपणी न दिसलेला धबधबा पोटभर पाहिला. मग बोगदे, पूल, सागाचे रान, आणि खाली काळाकुंड.

गाडी थांबली, मंडळी उतरली, फोटो झाले. मी फलाट सोडून मागच्या पायवाटेने गावात गेलो. आत्येभाऊ अगदीच खोटे बोलला नव्हता, दहाच्या वर घरे आहेत पण फार नाहीत. कौले, शेणाने सारवलेली अंगणे, एक हातपंप, त्याच्याशी बांधलेली शेळी. दोन्ही बाजूंना डोंगर इतके जवळ की दुपारीच सावली येते. नदीचा आवाज सोडला तर काहीही ऐकू येत नव्हते. इतकी शांतता मी सोनावळीच्या फलाटावर एकदा अनुभवली होती, गाडी निघून गेल्यावर.

कलाकंद विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईकडे बसलो. तेच पळसाचे पान, तीच चव. खरे सांगतो, तीच. मी म्हटले, आता पर्यटक येतात, विक्री बरी होत असेल. ती म्हणाली, होते, पण सुट्टीच्या दिवशी आणि पावसात. पूर्वी दिवसाला गाड्या होत्या, प्रत्येक गाडी इंजिन लावायला थांबायची. तिची मुले महूच्या शाळेत त्याच गाडीने गेली. सून बाळंतपणाला गाडीनेच गेली. आता बाजाराला जायचे तर चोरलच्या बाजूची कच्ची वाट, आणि पावसात तीही चिखल. मग ती जे बोलली ते मी इथे मराठीत लिहितो : "आधी गाडी आम्हाला न्यायला यायची, आता आम्हाला बघायला येते."

मला उत्तर सुचले नाही. आणखी पावशेर कलाकंद बांधून घेतला, एवढेच.

मीटरगेज ठेवा, असे मी म्हणत नाही. इंदूरसारखे शहर दक्षिणेशी सरळ जोडले गेलेच पाहिजे, आत्याच्या नातवंडांनी खांडव्याला गाड्या बदलत बसावे असे नाही. पण रेल्वे ज्यांच्या दारावरून गेली त्यांना कधी कुणी विचारले? १८७० मध्ये महाराजांनी आणि इंग्रजांनी ठरवले, आज कुणी दुसऱ्याने. आपल्याकडे १९९० च्या दशकात छोटी लाइन जाऊन मोठी आली. आता दुपदरीकरणाची घाई आहे आणि २०२० च्या नोव्हेंबरात चांदरला लोक रात्री रुळांवर येऊन बसले. इकडे रूळ नको म्हणून लोक बसतात, तिकडे रूळ आहेत पण गाडी नाही म्हणून एक म्हातारी गप्प बसते. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच, की गाडी कोणासाठी?

जुने जपायचे म्हणजे बोगदे आणि पूल रंगवून ठेवायचे, इतकाच अर्थ आपण घेतो. काळाकुंडला एक पक्का रस्ता आणि सकाळ-संध्याकाळ एक बस मिळाली, तर होळकरांच्या त्या कोटभर रुपयांचे ते खरे स्मारक होईल.

परतताना गाडी टंट्या मामाच्या मंदिरापाशी क्षणभर थांबली. भोंगा वाजला. मीही हात जोडले. घरी आलो तर आत्या जागीच होती. पान सोडून कलाकंद तिच्या हातावर ठेवला. दात नाहीत, पण खाल्ला तिने. म्हणाली, "खांडव्याहून आलास होय रे? गाडी वेळेवर होती?"

मी हो म्हटले.