निळीचे गुपित

निळीच्या झुडपाचे पान हिरवे, फूल गुलाबी. निळा रंग त्यात कोठेही दृष्टीस पडत नाही. तथापि आपल्या देशातील रंगाऱ्यांनी प्राचीन काळीच या पानातून तो काढला, आणि रोमन लोकांनी हिंदुस्थानावरूनच त्यास ‘इंडिकम’ हे नाव दिले.

हे गुपित काय आहे? पानात इंडिकन नावाचे वर्णहीन द्रव्य असते. इंडॉक्सिल आणि द्राक्षशर्करा यांच्या संयोगाने ते बनते. पाला हौदात भिजत घातला म्हणजे पानातील विकराच्या योगाने ही दोन्ही विलग होतात. पुढे ते पाणी घुसळले असता इंडॉक्सिलचा प्राणवायूशी संयोग होऊन निळा साका तळाशी बसतो. तो गाळून वाळविला की नीळ तयार होते.

परंतु ही नीळ पाण्यात विरघळत नाही. यास्तव रंगारी चुना, गूळ किंवा टाकळ्याचे बी घालून पिंप आंबवीत. मग ती विरघळून पिवळसर होई, आणि बुडविलेले कापड बाहेर काढताच वाऱ्याने निळे होई. पिंप उतरले की नाही, हे ते वासावरून ओळखीत.

या कृतीमागील कारण मात्र परदेशात उलगडले. जर्मन शास्त्रज्ञ अडोल्फ फॉन बायर यांनी १८८० साली प्रयोगशाळेत नीळ बनविली, १८८३ साली तिची रचना सांगितली. १८९७ पासून जर्मन कारखान्याची नीळ बाजारात आली आणि आपल्या निळीचा भाव कोसळला.

त्याचा भार शेवटी कोणावर पडला? चंपारणातील रयतेस वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत सक्तीने नीळ लावावी लागे. भाव पडताच गोऱ्या मळेवाल्यांनी ही सक्ती सोडण्याबद्दल वाढीव खंड किंवा रोख रकमा उकळल्या. १९१७ साली गांधीजी तेथे गेले, आणि १९१८ च्या कायद्याने ही ‘तिनकठिया’ पद्धत संपली.

आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांची हयात रंगाच्या पिंपाशी गेली. त्यांच्या हाती विद्या होती, परंतु तिचे कारण लिहून ठेवणारा घरात कोणी नव्हता. जगात नैसर्गिक निळीस आज पुन्हा मागणी आहे. म्हणून ज्ञातिबांधवांस विनंती की, घरातील मुलामुलींस रसायनशास्त्र अवश्य शिकवावे, आणि हयात असलेल्या वृद्धांकडून पिंपाची रीत त्यांच्याच हस्ते लिहवून घ्यावी. हाताची विद्या व ग्रंथाची विद्या एका घरात नांदल्या, तर आपले गुपित पुन्हा परक्याने आपणास सांगण्याची वेळ येणार नाही.