बायोटेक्नॉलॉजीची पदवी आणि नेदरलँड्समधली नोकरी



हूफडॉर्पमध्ये आपली बरीच कुटुंबे आयटीच्या नोकरीमुळे आली. घरातले एक जण आयटीत आणि जोडीदाराचे एम.एस्सी. किंवा बी.टेक. बायोटेक्नॉलॉजी, अशी जोडपी आम्हाला नेहमी भेटतात. त्यांचा प्रश्न ठरलेला: "इथे स्किल्स असेसमेंट कुठे करायचे?"

हा शब्द येतो ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मित्रांकडून. तिथल्या स्किल्ड व्हिसासाठी बायोटेक्नॉलॉजिस्टची पदवी आणि अनुभव व्हेटअसेस ही संस्था तपासते. संबंधित विषयातली पदवी हवी आणि त्यानंतरचा किमान एक वर्षाचा त्याच कामाचा अनुभव हवा.

नेदरलँड्समध्ये बायोटेक्नॉलॉजिस्टसाठी अशी तपासणी नाही. हा पेशा इथे नियंत्रित नाही. २००४ साली सुरू झालेल्या हायली स्किल्ड मायग्रंट योजनेत कौशल्य पाहते ती कंपनी, आणि सरकार पाहते पगार. कंपनी आय.एन.डी.कडे मान्यताप्राप्त प्रायोजक म्हणून नोंदलेली हवी. २०२५ साली ही पगाराची अट तिशीच्या आतल्यांना महिना ४,१७१ युरो आणि पुढच्यांना ५,६८८ युरो होती (सुट्टीचा भत्ता सोडून). आकडा दरवर्षी बदलतो, त्यामुळे अर्जाच्या वेळी आय.एन.डी.कडचाच पाहावा. विद्यापीठात शास्त्रीय संशोधनासाठी येणाऱ्यांना ही अट नाही.

जोडीदारासाठी तर याहून सोपे आहे. हायली स्किल्ड मायग्रंटच्या पती किंवा पत्नीला कुठलेही काम करायची मोकळीक असते आणि तसे त्यांच्या परवान्यावर लिहिलेले असते. पगाराची अट नाही, कंपनी मान्यताप्राप्त असण्याचीही गरज नाही. हे माहीत नसल्याने कितीतरी जण (खरे सांगायचे तर बहुतेक जणी) वर्ष-दोन वर्षे अर्जच करत नाहीत. लायडनचे बायो सायन्स पार्क हूफडॉर्पहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत आहे!

कंपनीला भारतीय पदवी ओळखीची नसेल तर पदवीचे मूल्यांकन उपयोगी पडते. उच्च शिक्षणासाठी हे काम हेगची नुफिक संस्था करते. ते तुमची पदवी डच पद्धतीत कुठे बसते एवढेच सांगतात, तुम्हाला पी.सी.आर. येते की नाही हे नाही. तीन वर्षांची बी.एस्सी. इथल्या बॅचलरच्या बरोबरीची धरली जाईलच असे नाही, म्हणून एम.एस्सी.चे कागद सोबत जोडावेत.

कागदांत आपल्याकडची खरी अडचण नावाची. पदवीवर माहेरचे नाव आणि वडिलांचे नाव, पासपोर्टवर सासरचे. लग्नाचा दाखला आणि नाव बदलले असल्यास राजपत्राची प्रत जवळ ठेवा. पुण्याच्या मंडळींचा आणखी एक घोळ: २०१४ मध्ये विद्यापीठाचे नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. जुनी पदवी आणि नवे ट्रान्सक्रिप्ट यांवर वेगळी नावे दिसतात, तेव्हा अर्जासोबत एका ओळीचा खुलासा द्यावा. ट्रान्सक्रिप्ट भारतात असतानाच काढून घ्या. इथून भावाला किंवा मामाला विद्यापीठात हेलपाटे घालायला लावणे कोणालाच आवडत नाही.

काही कामांना मात्र नियम आहेत. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी डच कायद्याने ठरवलेले शिक्षण लागते. जनुकीय बदल केलेल्या जीवांवरच्या कामाचा परवाना संस्थेच्या नावे असतो, तुम्हाला वेगळा काढावा लागत नाही. फार्मसीवाल्यांनी हा लेख स्वतःला लावून घेऊ नये. औषधविक्रेता म्हणून काम करायला बी.आय.जी. नोंदणी लागते आणि त्यासाठी डच भाषाही.

अनुभवाचे पत्र जुन्या कंपनीच्या लेटरहेडवर घ्या. त्यात तारखा, आठवड्याचे तास आणि प्रत्यक्ष काम लिहिलेले असू द्या: सेल कल्चर, फर्मेंटेशन, प्रथिनांचे शुद्धीकरण, जे केले असेल ते. नुसते "क्वालिटी कंट्रोल एक्झिक्युटिव्ह" असे पद लिहिले तर इथला व्यवस्थापक काही समजत नाही, आणि पुढे ऑस्ट्रेलियाला जायचे ठरले तर व्हेटअसेसलाही हेच पत्र दाखवावे लागेल.