चंद्रभागेच्या वाळवंटांतील नाण्यांची पारख

पंढरपुरास भीमा अर्धचंद्राकृति वळण घेते, म्हणून तीस चंद्रभागा म्हणतात. आषाढी, कार्तिकी, माघी व चैत्री ह्या वाऱ्यांत यात्रेकरू तिच्या पात्रांत नाणीं सोडतात. आणि पाणी ओसरलें कीं कांहीं मंडळी दोरीस लोहचुंबक बांधून तीं वेचूं लागतात. चाळण घेऊन बसणारेही असतात. त्यांची निवड व संशोधकाची निवड परस्परविरुद्ध आहे, हें येथें दाखवावयाचें आहे.

१९८८ पासून आपल्याकडील लहान नाणीं न गंजणाऱ्या पोलादाचीं पाडण्यांत येऊं लागलीं. तीं चुंबकास चिकटतात. खिळे व गंजके पत्रेही चिकटतात. तांबें चिकटत नाहीं. म्हणजे शिवराई, आदिलशाही पैसा, कंपनी सरकारचा १८३५ चा पाव आणा, हें सर्व चुंबक मागें टाकतो. चाळणींत हिरवट चकती आलीच, तर बाजारांत चालत नाहीं म्हणून ती कचऱ्यांत जाते. आमचें धन तें त्याच कचऱ्यांत!

अशी चकती हातीं आल्यास प्रथम कड पाहावी. शिवराई हातोड्यानें ठोकलेली असते. ठसा चकतीहून मोठा, त्यामुळें एका अंगास ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्यास ‘छत्रपति’ हीं अक्षरें क्वचितच पुरीं उमटतात. सर्व अक्षरें नेटकीं मध्यभागीं, अंगावर बारीक छिद्रें आणि कडेस सांधा, असें नाणें साच्यांत ओतलेलें समजावें. ‘शिव’ ह्याचे ‘सिव’, ‘शव’ असेही पाठ आढळतात. वैयाकरणास ते खुपतील, पण नाण्यांचे वर्ग पाडतांना त्यांचाच आधार होतो.

चिंचेनें मात्र घासूं नये. प्रस्तुत लेखकानें विद्यार्थिदशेंत एक शिवराई अशी लखलखीत केली; नाणें चकाकलें, ‘छत्रपति’ गेलें. साधें पाणी व मऊ कुंचला पुरे.

महापुरानें वाळू उलथीपालथी होते, थर राहत नाहींत. म्हणून नाणें पुंडलिकाच्या देवळापाशीं सांपडलें, एवढ्यावरून तें तेथेंच वाहिलें होतें असें ठरत नाहीं. शिवाय शिवराई एकोणिसाव्या शतकांतही व्यवहारांत होती. सबब ती शिवकालींच पात्रांत पडली, हें अनुमानही टिकत नाहीं. तरीपण स्थळ व दिवस टिपून ठेवावा.

१८७८ च्या निखातनिधीच्या कायद्यान्वयें जमिनींत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ऐवज सांपडल्यास कलेक्टरास कळविणें प्राप्त आहे. संग्राहकांनीं विक्रेत्यास पैसे देण्यापूर्वीं ह्याची चौकशी करावी.