विहिरीतला महाल आणि माळवदाची घरे

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर अनेक शाळांच्या सहलींत पाहिली जाते. वीरूबाई भोसले यांनी ती शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळात बांधवून घेतली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. मोटांचे पाणी आमराईला जाई. विहिरीच्या पोटातच एक छोटा महाल आहे. तिथे भर वैशाखातही गारवा का असतो, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

दगड थंड असतो, हे उत्तर पुरेसे नाही. दुपारी उन्हातल्या काळ्या पाषाणावर अनवाणी उभे राहून पाहावे! महालाच्या भोवती जमीन आहे आणि खाली पाणी. जमिनीत उष्णता शिरते ती सावकाश, आणि वाटेत बोथट होत. फ्रेंच गणिती फूरिए यांच्या १८२२ सालच्या ग्रंथात याचे गणित आहे. साधारण मातीत दिवसरात्रीचा चढउतार दर १२ सेंटिमीटरला एक-तृतीयांशाच्या आसपास उरतो आणि सुमारे चार तास मागे पडतो. उन्हाळा-हिवाळ्याचा चढउतार ३६५ पट संथ; तो ३६५ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे १९ पट खोल जातो. सात-आठ मीटरांखाली बाराही महिने तापमान जवळजवळ एकच.

गवंड्याला हे गणित ठाऊक नव्हते, अनुभव होता. साताऱ्यातील माण-खटाव आणि सांगलीतील जत-आटपाडीकडची माळवदाची घरे त्याच अनुभवाची: पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, तुळयांवर वीतभराहून जाड मातीचे छत. दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि पोचते तेही नावापुरते. (माळवद गळते, दरवर्षी डागडुजी मागते, हेही खरेच.)

पाच इंची स्लॅबमधून तेच ऊन संध्याकाळीच खाली उतरते आणि निजायच्या वेळेपर्यंत खोली तापवत राहते. मग दुकानदार 'दीड टन' सुचवतो. हे यंत्राचे वजन नव्हे. बर्फाच्या व्यापारातून आलेले हे माप आहे: ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तो एक टन, म्हणजे साडेतीन किलोवॉट. एवढी उष्णता यंत्र बाहेर टाकते. वीज त्याहून कमी लागते.

एप्रिलमध्ये शाळेच्या आवारात एक तापमापी मातीच्या पृष्ठभागावर ठेवावा आणि दुसरा १५ सेंटिमीटर खोल पुरावा. दर तासाला नोंद घ्यावी. वरचा पारा दुपारी एक-दोनला शिखर गाठेल. खालचा संध्याकाळी सहा-सातला, आणि त्याची चढण फारच थोडी असेल.