काकांचा शेवटचा पगार

आमच्या डिचोलीत खाणी जोरात होत्या तेव्हा पगार ही लपवायची गोष्ट नव्हती. कोण कुठल्या खाणीवर, काय कामाला, एवढं कळलं की अख्ख्या वाड्याला आकड्याचा अंदाज यायचा.

सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणकाम थांबवलं, पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाची बंदी आली. नंतर थोडंफार सुरू झालं. पण ७ फेब्रुवारी २०१८ ला कोर्टाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून सगळं ठप्प. ट्रक दारात उभे, बँकेचे हप्ते मात्र चालूच. माझे काका खाणीवर मेकॅनिक. घरी बसून कसं चालणार? निम्म्या पगारावर एका गॅरेजात लागले.

डिसेंबर २०२२ मध्ये पेडण्यात मोपा विमानतळाचं उद्घाटन झालं. त्या बाजूला नोकऱ्या निघतील म्हणून आमच्याकडचे बरेच जण अर्ज घेऊन गेले. काकाही एका खासगी कंपनीत गेले. कामाचं राहिलं बाजूला, पहिलाच प्रश्न, "शेवटचा पगार किती? कागद दाखवा."

खाणीवरचा सांगावा तर "एवढा परवडणार नाही" म्हणतील. गॅरेजचा सांगावा तर त्यावर थोडे टाकून बोळवण करतील. काकांना खोटं बोलणं जमत नाही. गॅरेजवाल्याकडून चिठ्ठी लिहून आणली आणि दिली. झालंही तसंच. वर्षभराने कळलं, तेच काम करणाऱ्या शेजारच्या मुलाला चार हजार जास्त. त्याचा मागचा पगार जास्त होता, एवढंच कारण.

म्हणजे खाणबंदीचा फटका काकांना दोनदा बसला. नोकरी गेली तेव्हा एकदा, आणि नवी मिळाली तेव्हा परत.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १ जुलै २०१८ पासून नोकरी देऊ करण्याआधी हा प्रश्न विचारायला बंदी आहे. आपल्या सुप्रीम कोर्टाने २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, पण मुलाखतीतला हा प्रश्न रोखणारा कायदा आपल्याकडे नाही.

परवा चुलतभाऊ नोकरीचा फॉर्म भरत होता. काका म्हणाले, "बाबा, तो रकाना कोरा ठेव. या कामाचे किती हवेत तेवढं लिही."

त्याने तसंच केलं. उत्तर अजून यायचंय.

तुमच्या घरी कोणाला असं उत्तर द्यावं लागलं होतं का? जरूर लिहा.