चौदा सेंटिमीटरची वाघीण : छंदिष्टांनी जपलेला अमेरिकन मालगाडीचा इतिहास

१/ अमेरिकेच्या रेल्वे-इतिहासात वाफेच्या इंजिनांवर शेकडो ग्रंथ आहेत. इंजिनामागे धावणाऱ्या मालडब्यांच्या वाट्याला मात्र बराच काळ उपेक्षाच आली. इंग्रजी ‘वॅगन’ मराठीत येऊन ‘वाघीण’ झाली, तीच ही. १९२० च्या दशकात अमेरिकन रेल्वे कंपन्यांकडे अशा वीस लाखांहून अधिक वाघिणी होत्या. गहू, कोळसा, लाकूड, फळे त्यांनी वाहिली आणि आयुष्य संपताच बहुतेक भंगारात गेल्या. त्यांचा तपशीलवार इतिहास गोळा करणाऱ्यांत व्यावसायिक इतिहासकार थोडे आणि घरच्या टेबलावर छोट्या प्रतिकृती घडवणारे छंदिष्ट अधिक होते. हा धागा त्यांच्या कामाविषयी.

२/ या छंदातले सर्वांत रुळलेले प्रमाण ‘एचओ’ नावाने ओळखले जाते. मूळ वस्तूच्या एका फुटाला प्रतिकृतीत साडेतीन मिलिमीटर, म्हणजे सुमारे १:८७. चाळीस फुटी वाघीण या प्रमाणात चौदा सेंटिमीटरची होते. कामगाराने चढताना धरायची लोखंडी सळई प्रत्यक्षात किमान पाच अष्टमांश इंच जाडीची असे. प्रतिकृतीत ती ०.१८ मिलिमीटर भरते. एवढ्या बारीक तारेसाठी माणसे रात्री का जागवतात, याचे उत्तर इतिहासात आहे.

३/ जानेवारी १९३४ मध्ये मिलवॉकी शहरातून ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक सुरू झाले. १९३५ मध्ये त्याच शहरात छंदिष्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर धावावी, ही तेव्हाची मुख्य निकड होती. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकचे साचे आले. ॲथर्न कंपनीचे निळ्या खोक्यांतले स्वस्त संच घरोघरी पोहोचले. एकाच साच्यातून निघालेल्या डब्यावर वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांची नावे छापली जात आणि ग्राहक त्यावर खूश असत.

४/ काही जणांना मात्र हे खटकू लागले. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीच्या वाघिणीची उंची, छताची घडण, टोकाकडच्या पत्र्याच्या वळ्या आणि दार निराळे असे. नाव बदलले म्हणून वाघीण बदलत नाही. या असमाधानातून छंदाची एक काटेकोर शाखा वाढीस लागली. तिचे प्रश्न तीन : ही वाघीण कोणत्या कंपनीची, कोणत्या क्रमांक-मालिकेतली आणि कोणत्या वर्षीची? यांतला तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आणि इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा.

५/ वाघीण तीस-चाळीस वर्षे धावे. तेवढ्या काळात तिचे ब्रेक बदलत, चाकांचे सांगाडे बदलत, छत आणि शिड्या बदलत. यांतला बहुतेक बदल कुणाच्या हौसेने झालेला नसे. त्यामागे एखादा कायदा, नियम वा अपघातांची मालिका असे. त्यामुळे वाघिणीचे अंग हा तारखा कोरलेला दस्तऐवजच होय. तो वाचता आल्याशिवाय अचूक प्रतिकृती घडत नाही.

६/ सर्वांत जुना बदल दोन डबे जोडण्याच्या पद्धतीतला. एकोणिसाव्या शतकात ही जोडणी कडी आणि खिळ्याने होई. डबे एकमेकांकडे सरकत असताना ‘ब्रेकमन’ नावाचा कामगार त्यांच्यामध्ये उभा राहून हाताने कडी जुळवी. बोटे, पंजे तुटणे हे नेहमीचे. धावत्या गाडीत हाच माणूस छतावरून पळत एकेका डब्याचे ब्रेकचाक फिरवी, पावसात आणि बर्फातही. जून १८८८ अखेरच्या एका वर्षात दोन हजारांहून अधिक रेल्वे कामगार ठार आणि वीस हजारांहून अधिक जखमी झाल्याचे राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनीच काँग्रेसला कळवले होते.

७/ उपाय माहीत नव्हता असे नाही. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांचा हवेच्या दाबाचा ब्रेक १८६९ पासून ज्ञात होता. दोन हातांची वाकवलेली बोटे एकमेकांत अडकावीत तसे आपोआप जुळणारे जोडयंत्र ईलाय जॅनी यांनी १८७३ मध्ये पेटंट केले होते. कंपन्या खर्चाला तयार नव्हत्या. आयोवा राज्यातल्या लोरेन्झो कॉफिन यांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षे चळवळ केली. अखेर २ मार्च १८९३ रोजी हॅरिसन यांनी सुरक्षा-साधनांच्या कायद्यावर सही केली. अंमलबजावणीची मुदत १८९८ ची होती. कंपन्यांच्या विनंतीवरून ती १९०० पर्यंत लांबली.

८/ मुदत संपली तरी प्रश्न संपला नाही. ऑगस्ट १९०० मध्ये युटा राज्यात एक ब्रेकमन इंजिनाला डबा जोडत होता. दोन्हींवर स्वयंचलित जोडयंत्रे होती, पण ती भिन्न बनावटीची असल्याने एकमेकांत बसेनात. त्यात त्याचा हात गेला. खालच्या न्यायालयांनी कंपनीची बाजू उचलून धरली. १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला : यंत्र बसवले एवढे पुरेसे नाही, ते एकमेकांशी जुळले पाहिजे. प्रतिकृतीच्या टोकाला लावलेल्या नखाएवढ्या जोडयंत्रामागे हा सारा इतिहास आहे.

९/ छतावर चढण्या-उतरण्याचा धोका उरलाच होता. १९१० च्या कायद्याने आणि १९११ च्या मानकांनी शिड्या, धरायच्या सळया, पायऱ्या आणि हातब्रेक यांची संख्या, मापे आणि जागा ठरवून दिल्या. अंधारात, हातमोजे घालून चढणाऱ्या माणसाला सळई अपेक्षित जागीच सापडावी, हा हेतू. म्हणूनच प्रतिकृतीत सळईची जागा चुकली, तर वाघीण या मानकांआधीची की नंतरची, हेच चुकते.

१०/ पुढचा टप्पा पहिल्या महायुद्धाचा. डिसेंबर १९१७ मध्ये अमेरिकन सरकारने रेल्वेचा कारभार हाती घेतला आणि ठरावीक आराखड्यांच्या सुमारे एक लाख वाघिणी मागवल्या. त्यांत बंद वाघिणींचे दोन प्रकार होते, प्रत्येकी सुमारे पंचवीस हजार. एकीला आत-बाहेर दोन्हीकडून फळ्या; दुसरीला फक्त आतून फळ्या आणि बाहेर उघडा पोलादी सांगाडा. १ मार्च १९२० रोजी रेल्वे कंपन्यांकडे परत गेल्या. त्यानंतर काहींनी या वाघिणींना पोलादी भिंती बसवल्या, काहींनी त्या जवळजवळ तशाच चालवल्या. आराखडा एक, चरित्रे अनेक.

११/ मग पोलादी वाघिणींचे युग आले. पेनसिल्व्हेनिया रेलरोडने १९२४ पासून ‘एक्स २९’ वर्गाच्या तीस हजारांच्या जवळपास वाघिणी बांधल्या. त्यांची आतली उंची ८ फूट ७ इंच. १९३२ च्या प्रमाणित आराखड्यात ती ९ फूट ४ इंच झाली, १९३७ च्या आराखड्यात १० फूट. १९४७ पासून पुलमन-स्टँडर्ड कंपनीने ‘पीएस १’ जातीच्या एक लाखाहून अधिक वाघिणी घडवल्या. हे सारे डबे एकाच गाडीत शेजारी शेजारी धावत. म्हणून जुन्या छायाचित्रांत मालगाडीची छते खालीवर दिसतात. एकाच साच्याच्या गाडीत ती सरळ रेषेत असतात. प्रतिकृतीत हा फरक जेमतेम पाच मिलिमीटरचा, पण गाडी पाहणाऱ्याला तो लगेच जाणवतो.

१२/ काही बदल डोळ्यांआड असतात. वाघिणीखालचा ‘के’ पद्धतीचा जुना ब्रेक १९३३ पासून नव्या डब्यांवर मागे पडला आणि त्याची जागा ‘एबी’ पद्धतीने घेतली. दोन्हींच्या टाक्या, झडपा आणि नळ्यांची मांडणी निराळी. १९५३ मध्ये ‘के’ ब्रेकच्या वाघिणी एका कंपनीकडून दुसरीकडे पाठवण्यास बंदी आली. परिणामी १९५० ची प्रतिकृती आणि १९५४ ची प्रतिकृती खालून वेगळी असावी लागते. रुळांवर ठेवल्यावर ती बाजू कुणालाही दिसत नाही. तरीही ती घडवली जाते.

१३/ वाघिणीवरची अक्षरेही बोलकी असत. बांधणीचा महिना आणि वर्ष, कमाल भार, रिकाम्या डब्याचे वजन आणि ते शेवटचे कुठे व केव्हा केले, हे सारे रंगवलेले असे. ऑक्टोबर १९४८ मधली गाडी उभी करायची, तर तिच्यातल्या कोणत्याही डब्यावर १९४९ ची वजन-तारीख चालत नाही. इतिहासकार ज्याला कालविपर्यास म्हणतात, तो इथे दोन मिलिमीटरच्या अक्षरांत पकडला जातो.

१४/ ही माहिती आली कुठून? १८७९ मध्ये प्रथम निघालेला वाघीण-बांधणीचा कोश, पुढे त्याच परंपरेतले जाडजूड ज्ञानकोश, प्रत्येक कंपनीच्या वाघिणींचे क्रमांक व मापे देणारी अधिकृत नोंदवही, कारखान्यांचे आराखडे आणि नव्या डब्यांची छायाचित्रे, हे मुख्य आधार. चालत्या वाघिणींची छायाचित्रे मात्र दुर्मीळ. छायाचित्रकारांचे लक्ष इंजिनावर असे आणि इंजिनाला चिकटलेला पहिला डबा तेवढा चौकटीत येई. अभ्यासकांनी अशा हजारो चित्रांच्या कडा तपासल्या.

१५/ रंगाचा प्रश्न आणखी बिकट. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा प्रकाश टिपता येत नसे, त्यामुळे गेरूसारखा तांबडा डबा चित्रात जवळजवळ काळा उमटे. अशा वेळी जॅक डेलानो यांनी १९४२-४३ मध्ये सरकारी कामासाठी शिकागोच्या मालयार्डांत काढलेली रंगीत छायाचित्रे अमूल्य ठरली. ती आज लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहेत. त्यांतून आणखी एक गोष्ट उघड झाली. ताज्या रंगाची वाघीण अपवाद होती. काजळी, गंज आणि धूळ हाच नियम.

१६/ मग प्रश्न एका वाघिणीवरून अख्ख्या गाडीवर गेला. कॅलिफोर्नियातल्या गाडीत दूरच्या पूर्वेकडच्या कंपन्यांचे किती डबे असावेत? अभ्यासकांनी मालगाड्यांच्या गार्डांच्या जुन्या वह्या मिळवल्या आणि त्यांतल्या डब्यांची मोजदाद केली. साध्या बंद वाघिणी देशभर मुक्तपणे फिरत. कोणत्याही गाडीत परक्या कंपन्यांच्या वाघिणींचे प्रमाण ढोबळमानाने त्यांच्या राष्ट्रीय संख्येशी जुळते, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. कोळशाच्या उघड्या वाघिणींना तो लागू पडत नाही, कारण त्या ठरावीक खाणी आणि ठरावीक गिऱ्हाइकांमध्येच फिरत. सुट्टीच्या वेळात झालेले हे आर्थिक भूगोलाचे संशोधन होय.

१७/ मोठ्या कारखान्यांना एखाद्याच कंपनीच्या एखाद्याच मालिकेचा साचा परवडत नसे. १९८० च्या दशकात वेस्टरफील्ड, सनशाइन यांसारख्या छोट्या उद्योगांनी रेझिनचा मार्ग धरला. आधी हाताने एक अचूक नमुना घडवायचा, त्यावर सिलिकॉन रबराचा साचा घ्यायचा आणि त्यातून मोजक्या प्रती ओतायच्या. काही ओतणींनंतर साचा झिजे. संचासोबत येणाऱ्या पत्रकांत त्या वर्गाची जन्मकथा, क्रमांक आणि पुढचे फेरबदल दिलेले असत. कित्येक वर्गांपुरती ती पत्रके म्हणजे छोटे प्रबंधच ठरली.

१८/ पुढे संस्थात्मक अभ्यासही आला. स्मिथसोनियन संस्थेतले अभिरक्षक जॉन एच. व्हाइट यांचा अमेरिकन मालडब्यांवरचा बृहद्ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुलमनच्या कारखान्यांच्या आराखड्यांचा आणि निगेटिव्हांचा मोठा साठा इलिनॉय रेल्वे संग्रहालयाने सांभाळला आहे. कंपन्या विलीन होतात, कचेऱ्या रिकाम्या होतात आणि कागद जागा अडवतात म्हणून टाकले जातात. कुणीतरी ‘हे लागणार आहे’ असे म्हणणारे असावे लागते. ते म्हणणाऱ्यांत प्रतिकृतीकार पुढे होते.

१९/ या मंडळींना ‘रिव्हेट मोजणारे’ असे उपहासाने म्हटले जाते. उपहासात थोडे तथ्य आहे. रिव्हेट अचूक असले, तरी माणसांची कथा त्यातून आपोआप उलगडत नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत अनेक कृष्णवर्णीय ब्रेकमन याच छतांवरून चालले. गार्डच्या पदाची दारे त्यांना बंद होती आणि ब्रेकमनांची मोठी संघटना त्यांना सभासद करून घेत नसे. १:८७ च्या कोणत्याही तपशिलात हे दिसत नाही. वस्तूची अचूकता इतिहासाची सुरुवात करून देते. तिथून पुढे प्रश्न विचारावे लागतात.

२०/ तरीही ती सुरुवात मोठी आहे. जुन्या वाघिणींच्या छतावर मधोमध एक अरुंद फळीवाट असे. ब्रेकमन तिच्यावरूनच धावे. हवेच्या ब्रेकमुळे तिची गरज ओसरत गेली आणि १९६६ पासून नव्या वाघिणींवर ती बंधनकारक राहिली नाही. जुन्या वाघिणींवरूनही ती हळूहळू काढली गेली. आजच्या बंद वाघिणीच्या छतावर माणसाच्या पावलांसाठी जागाच नाही. १९४८ सालची वाघीण घडवणारा माणूस मात्र ती फळीवाट अजूनही बसवतो. तिची रुंदी, फळ्यांमधल्या फटी आणि डब्याच्या टोकाबाहेर आलेला भाग तो मोजून घेतो. दोन डब्यांच्या फळीवाटांमध्ये जे अंतर उरते, ते ब्रेकमनला अंधारात, धावत्या गाडीवर, उडी मारून ओलांडावे लागे.