भुऱ्या गाईचे उसने दिवस

एक म्हातारी, पट्ट्यापट्ट्यांची भुरी गाय. मार्च सरता सरता शेपटी उडवत म्हणाली, ‘गेला एकदाचा मेला! माझं काय वाकडं केलं त्यानं?’ मार्चला ते झोंबलं. त्यानं एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतले आणि असा गारठा, वारा, पाऊस सोडला की गाय तर मेलीच, वर तिचं कातडंही सोलून निघालं. म्हणून आयर्लंडमध्ये एप्रिलच्या आरंभीच्या दिवसांना ‘लेहन्ता ना बो रीअवी’, भुऱ्या गाईचे दिवस, म्हणतात. मार्च कितीही उबदार जावो, हे दिवस बाधणारच, असा जुन्या शेतकऱ्यांचा होरा.

काही ठिकाणी उसनवारी वाढत नऊ दिवसांवर गेली: तीन काळ्या कस्तुर पक्ष्याचे, तीन गप्पीदास पक्ष्याचे, तीन गाईचे.

गोष्ट एकट्या आयर्लंडची नाही. स्कॉटलंडातही मार्च एप्रिलकडे हात पसरतो. स्पेनमध्ये तो कबूल केलेलं कोकरू न देणाऱ्या मेंढपाळावर सूड घेतो. मग आयरिश गोष्टीत गायच का मरते?

इंग्लंडमधला मठवासी बीड यानं सुमारे ७३१ साली पुरा केलेल्या इतिहासात लिहून ठेवलंय की आयर्लंडमध्ये बर्फ तीन दिवसांवर क्वचितच टिकतं, त्यामुळे तिथं कुणी हिवाळ्यासाठी गवत कापून ठेवत नाही की गोठे बांधत नाही. थोडी अतिशयोक्ती धरली, तरी उघड्यावर, उरल्यासुरल्या गवतावर हिवाळा काढणारी गाय डोळ्यांसमोर येते. जमीन पाच-सहा अंशांपर्यंत तापल्याशिवाय नवं गवत नीट वाढत नाही. मार्चअखेर जुनं संपलेलं, नवं आलेलं नाही, गाईची हाडं वर आलेली. अशा वेळी तीन दिवसांचा गार पाऊस पुरे. मला तर हे हवामानाच्या भाकितापेक्षा वैरणीचा हिशेबच वाटतो.

तारखांचा मात्र घोळ आहे. १७५२ साली तिथलं पंचांग बदललं, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. जुन्या गणतीनं गाईचे दिवस आता १२ एप्रिलच्या आसपास पडतात. म्हणजे एप्रिलचा पहिला पंधरवडा थंड निघाला, की कुठला ना कुठला हिशेब खरा ठरतोच.

आता तिथल्या बहुतेक गाई हिवाळाभर गोठ्यात मुरघास खातात. एप्रिलच्या गारठ्याला नाव अजून त्या भुरीचंच आहे.